अंगणाखालची साक्ष

माझे बालपण बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या भागात, पणजोबांनी बांधलेल्या घरात गेले. काळ्या दगडाच्या भिंती, वर मातीचे माळवद, पुढे अंगण आणि अंगणाच्या कडेला चूल, असे ते घर होते. मी नऊ-दहा वर्षांचा असताना पाण्याच्या हौदासाठी त्या अंगणात खणावयास सुरुवात झाली. कमरेइतक्या खोलीवर प्रथम फुटक्या जात्याची तळी लागली, मग राखेचा एक थर, गंजून गेलेला विळा आणि अखेरीस मातीने गच्च भरलेली, लोलक हरवलेली पितळेची एक लहान घंटा. आजीने ती पदराने पुसली आणि म्हणाली, "ही प्रार्थनेची घंटा. गावात आपलं प्रार्थनामंदिर नव्हतं तेव्हा याच अंगणात माणसं जमायची. माझ्या सासूबाई ही वाजवायच्या." थोरले काका हसून म्हणाले, "अगं आई, ही बैलाच्या गळ्यातली घंटा आहे." त्या वादाचा निकाल त्या दिवशी लागला नाही आणि पुढेही कधी लागला नाही.

या घरगुती प्रसंगाची आठवण मला अनेक वर्षांनी, आणि काहीशा लज्जास्पद रीतीने झाली. धर्मशिक्षकांच्या एका शिबिरात मी कफर्णहूमविषयी बोलत होतो. उत्साहाच्या भरात मी सांगून टाकले की, पेत्राचे घर उत्खननात सापडले असून त्याच्या भिंतीवर पेत्राचे नाव कोरलेले आढळले आहे. शुभवर्तमानाच्या सत्यतेला याहून मोठा पुरावा कोणता हवा? सत्र संपल्यावर एक वृद्ध धर्मशिक्षक माझ्याजवळ आले. "फादर," ते म्हणाले, "ते नाव वाचलं कुणी? आणि इतर जाणकारांना ते वाचन पटलं का? मला हे गावात जाऊन सांगायचं आहे, म्हणून विचारतो." माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी ते एके ठिकाणी वाचले होते आणि दुसरीकडे सांगितले होते, एवढेच. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

कफर्णहूम हे गालील सरोवराच्या वायव्य काठावरील मासेमारांचे व शेतकऱ्यांचे गाव. मध्ययुगाच्या आरंभीच्या शतकांनंतर ते हळूहळू ओस पडले आणि मातीच्या ढिगाऱ्याखाली गेले. १८३८ मध्ये एडवर्ड रॉबिन्सन या अमेरिकन अभ्यासकाने तेथील अवशेषांत एक सभास्थान असल्याचे ओळखले, पण हेच कफर्णहूम, असे त्यास वाटले नाही. ती ओळख १८६६ मध्ये चार्ल्स विल्सन या इंग्रज अधिकाऱ्याने पटविली. १८९४ मध्ये फ्रान्सिस्कन बंधूंनी त्या जागेचा मोठा भाग विकत घेतला आणि गावोगावचे लोक तेथील घडीव दगड उचलून नेत होते ते थांबावे म्हणून भोवती कुंपण घातले. पुढे गौदेन्झिओ ओर्फाली या फ्रान्सिस्कन संशोधकाने १९२१ ते १९२६ या काळात सभास्थान मोकळे केले, आणि त्याच्या दक्षिणेस, सरोवराच्या बाजूला, अष्टकोनी आकाराची एक जुनी इमारतही उजेडात आणली. ही इमारत कशासाठी असावी, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी व्हिर्जिलिओ कॉर्बो व स्टानिस्लाओ लॉफ्रेडा या दोघा फ्रान्सिस्कन पुरातत्त्ववेत्त्यांनी १९६८ मध्ये अष्टकोनाच्या जमिनीखाली खणावयास प्रारंभ केला.

अष्टकोनाखाली एखादे मंदिर वा राजवाडा निघाला नाही. निघाले ते एक साधे घर. खरे म्हणजे एक घरही नव्हे, तर सामाईक अंगणाभोवती उभारलेल्या खोल्यांचा एक वाडा. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात बांधलेल्या अशा वाड्यात एकाच गोतावळ्यातील दोन-तीन कुटुंबे नांदत असावीत. शिमोन व आंद्रिया हे दोघे भाऊ आणि शिमोनाची सासू एकाच घरात राहत, असे मार्क सांगतो. त्या वर्णनाशी अशा वाड्याचा मेळ सहज बसतो.

या घराचे वर्णन वाचताना दख्खनच्या वाचकास परकेपणा वाटण्याचे कारण नाही. तेथील दगड बेसाल्ट, म्हणजे आपल्या पठारावरचाच काळा पाषाण. तो न घडविता रचलेला. फटींत लहान चिपा बसविलेल्या. चुन्याचा वापर नाही. अशा भिंतींवर जड छप्पर पेलत नाही. म्हणून वर लाकडी वासे, त्यांवर फांद्या व काटक्या, आणि त्यांवर चोपलेली माती. शिवाय अंगणातून छपरावर जाणारा दगडी जिना. आपले माळवद याहून फारसे निराळे नसते. पक्षाघाती माणसाला चौघांनी छपरातून खाली सोडले, तेव्हा त्यांनी ते छप्पर उकरले, असा अर्थाचा शब्द मार्क वापरतो. कौलारू किंवा सिमेंटच्या घरात राहणाऱ्यास तो शब्द अडखळवील. माळवदावर बसून पावसाळ्याआधी नवी माती चोपणाऱ्या शेतकऱ्यास तो समजावून सांगावा लागत नाही. लूकाने मात्र त्याच प्रसंगी कौलांचा उल्लेख केला आहे. तो ज्या नगरवासी वाचकांसाठी लिहीत होता त्यांच्या घरांवर कौले असत, हे लक्षात घेतले म्हणजे हा फरक उलगडतो.

खोल्यांची जमीन ओबडधोबड दगडगोट्यांची होती आणि गोट्यांमधल्या फटींत मातीची भांडी, दिवे व नाणी यांचे तुकडे शतकानुशतके पडून राहिले होते. लॉफ्रेडा यांनी येथे लूकातील त्या स्त्रीची आठवण करून दिली आहे, जिचे एक नाणे हरवले आणि जिने दिवा लावून सारे घर झाडून काढले. भरदिवसा दिवा कशासाठी, असे आपण प्रवचनात विचारतो आणि त्यातून काही रूपकार्थ काढतो. कफर्णहूमच्या घरांना खिडक्या थोड्या व लहान, आणि जमिनीत फटीच फटी. नाणे पडले की दिवा व केरसुणी यांवाचून ते मिळावयाचे नाही. प्रभूने दाखला घरातूनच उचलला होता.

याप्रमाणे अंगणातील चुली, दळणाचे दगड व स्वयंपाकाची भांडी पाहता हे घर इतर कोणत्याही घरासारखेच होते. मासे धरण्याचे गळही तेथे मिळाले. पण सरोवराकाठच्या गावात गळ मिळणे ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि त्यांवरून कोणा एका मासेमाराचे नाव ठरत नाही. नवल आहे ते त्यांतील एका खोलीचे. सुमारे सहा-सात मीटर लांबी-रुंदीच्या या मोठ्या खोलीच्या जमिनीला व भिंतींना पुढे चुन्याचा गिलावा केलेला आढळला. गावातील इतर उत्खनित घरांत असा गिलावा मिळाला नव्हता. शिवाय तो एकदाच केलेला नाही; जुन्या थरावर नवा थर, असे अनेक वेळा झाले आहे. त्या थरांसोबत सापडलेल्या वस्तूंतही बदल दिसतो. आधीच्या काळात स्वयंपाकाची व जेवणाची भांडी आहेत. नंतरच्या काळात ती दिसेनाशी होतात, आणि उरतात ते साठवणीचे रांजण व तेलाचे दिवे. घर तेच, पण त्या खोलीत रांधणे-जेवणे थांबले आणि दिवे लावून जमणे सुरू झाले, असा त्याचा अर्थ उत्खनकांनी लावला. हा बदल पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातच झाला, असे त्यांचे मत आहे.

खोलीच्या गिलाव्याचे जे तुकडे पडलेल्या अवस्थेत मिळाले त्यांवर शंभराहून अधिक ओरखडे-लेख आहेत. बहुतेक ग्रीक, काही अरामी व सुरयानी, अगदी थोडे लॅटिन. त्यांत येशूचे नाव, प्रार्थनेचे शब्द व क्रूसाच्या खुणा आहेत. एवढे निश्चित की, दूरदूरचे, निरनिराळ्या भाषा बोलणारे ख्रिस्ती लोक या खोलीत येत होते. चौथ्या शतकात तिच्या मधोमध कमान घालून वरचे छप्पर नव्याने बसविण्यात आले आणि सगळ्या वाड्याभोवती आवार-भिंत उभारण्यात आली. ३८१ ते ३८४ या काळात पवित्र भूमीची यात्रा करणारी एजेरिया ही स्त्री कफर्णहूमला आली होती. तिच्या वृत्तांतातील हा भाग बाराव्या शतकातील पेत्र नावाच्या एका मठवासी ग्रंथपालाने आपल्या पुस्तकात उतरवून घेतला म्हणून टिकला. प्रेषितांच्या प्रमुखाचे घर आता मंदिर झाले आहे, पण त्याच्या भिंती पूर्वी होत्या तशाच उभ्या आहेत, असा त्याचा आशय आहे. पाचव्या शतकाच्या मध्यास ते घर पुरून त्यावर अष्टकोनी मंदिर बांधण्यात आले. त्याचा मध्य नेमका त्या खोलीवर येतो आणि त्याच्या जमिनीवर मोराचे चित्र रंगीत दगडांत जडविलेले आहे. ५७० च्या सुमारास पिआचेन्झा येथील एका यात्रेकरूने पेत्राच्या घरी आता मोठे मंदिर असल्याचे नोंदविले.

येथवरची माहिती शिबिरात मी सांगितली असती तर काहीच बिघडले नसते. माझी चूक पुढच्या पायरीवर झाली. त्या ओरखडे-लेखांपैकी काहींत पेत्राचे नाव आहे, असे वाचन इम्मानुएले तेस्ता या फ्रान्सिस्कन विद्वानाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. तुकडे लहान, अक्षरे अर्धवट. त्यामुळे इतर अनेक अभ्यासकांना हे वाचन मान्य झाले नाही. पुढे १९९३ मध्ये जोन टेलर यांनी याहून मूलभूत शंका उपस्थित केली. त्यांच्या मते या जागी ख्रिस्ती यात्रेकरूंचे येणे चौथ्या शतकापासून सिद्ध होते, त्याआधीचे नव्हे. गिलाव्याचा पहिला थर आणि पहिल्या शतकातील उपासना यांचा संबंध हे केवळ अनुमान आहे. उलट बाजूस, चौथ्या शतकातील लोकांनी इतक्या घरांतून नेमके हेच का निवडावे, आणि त्याच खोलीला गिलाव्याचा मान आधीच का मिळालेला असावा, असे विचारणारे अभ्यासकही कमी नाहीत. मला स्वतःला हा दुसरा पक्ष अधिक संभाव्य वाटतो. परंतु संभाव्य व सिद्ध हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि माझ्या श्रोत्यांना मी पहिल्याच्या जागी दुसरा दिला होता.

अंगणातल्या घंटेचा प्रसंग मला येथेच आठवला. जमीन वस्तू देते; वस्तूचे नाव देत नाही. नाव देते ती आठवण. आजीच्या आठवणीला मोल नव्हते असे नाही. तिच्या सासूने जे सांगितले ते ती सांगत होती, आणि खेड्यातील प्रार्थनासभांचा दुसरा इतिहास कोणी लिहूनही ठेवलेला नव्हता. पण काकांचा प्रश्नही अश्रद्धेतून आलेला नव्हता. कफर्णहूम येथेही तसेच आहे. घर जमिनीने दिले. पेत्राचे नाव परंपरेने दिले. ती परंपरा एजेरियाच्या काळी निश्चित अस्तित्वात होती. तिच्या व पेत्राच्या दरम्यानची तीनशे वर्षे गिलाव्याच्या थरांनी कितपत जोडली जातात, यावर प्रामाणिक मतभेद आहेत. उपदेशकाने हे एवढेच, याच मापाने सांगावे.

याच संदर्भात दुसऱ्या एका पुरलेल्या घराकडे पाहणे उपयुक्त ठरेल, कारण त्याच्या बाबतीत असा संशय नाही. सीरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपोस नावाचे रोमन ठाण्याचे नगर होते. तेथे १९३१-३२ च्या हंगामात, येल विद्यापीठ व फ्रेंच अकादमी यांच्या संयुक्त उत्खननात, तटाला लागून असलेले एक घर मिळाले. मध्ये अंगण, भोवती खोल्या, असे ते नेहमीचे घर. गिलाव्यावर कोरलेल्या एका वर्षाच्या आकड्यावरून ते २३२-३३ च्या सुमारास बांधले जात होते असे कळते. पुढील दशकात कोणीतरी त्यातील दोन खोल्यांमधली भिंत काढून साठ-सत्तर माणसांना पुरेल अशी एक लांब खोली केली आणि दुसऱ्या एका लहान खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड बांधले. कुंडाच्या खोलीतील भिंतींवर चित्रे होती: मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ, पाण्यावरून चालणारा येशू व बुडू लागलेला पेत्र, आणि आपली बाज पाठीवर घेऊन निघालेला पक्षाघाती माणूस. कफर्णहूमच्या छपरातून ज्याला खाली सोडले तोच हा. त्याची कथा वाळवंटाच्या कडेवरील एका घराच्या भिंतीवर, ख्रिस्ती धर्माला राजमान्यता मिळण्यापूर्वी सुमारे सत्तर वर्षे, चितारलेली होती.

हे घर टिकले ते पुरले गेल्यामुळेच. २५६ च्या सुमारास सासानी इराणी सैन्याचा वेढा पडणार असे दिसताच रोमन शिबंदीने तटाला आतून बळकटी देण्यासाठी तटालगतची घरे मातीने भरून टाकली. त्यांत ख्रिस्ती मंडळीचे हे घर गेले आणि त्याच रांगेतील यहुद्यांचे चित्रमय सभास्थानही गेले. नगर पडले, लोक गेले, आणि मातीने त्या भिंतींचा रंग पावणेसतराशे वर्षे जपून ठेवला. चित्रे काढून येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात नेण्यात आली. ते एका अर्थी बरे झाले म्हणावयाचे. कारण २०११ मध्ये सीरियात सुरू झालेल्या यादवीच्या काळात दुरा-युरोपोसच्या भूमीत चोरट्यांनी असंख्य खड्डे खणून तिची अपरिमित हानी केली.

या दोन घरांपासून आपण, म्हणजे खेड्यापाड्यांतून शिकविणाऱ्यांनी, काय घ्यावे? पहिली गोष्ट सत्यनिष्ठेची. आपल्या लोकांची श्रद्धा दृढ व्हावी म्हणून आपण पुराव्याला जरा तिखटमीठ लावतो आणि हेतू चांगला असल्याने त्यात काही वावगे मानीत नाही. पण ज्या मुलास आपण असा पुरावा हाती देतो, तो उद्या महाविद्यालयात जातो, वाचतो आणि त्याला कळते की भिंतीवरचे नाव वादग्रस्त आहे. मग तो नुसता तो पुरावा टाकून देत नाही. त्यासोबत आपला शब्दही टाकतो, आणि कित्येकदा आपल्या शब्दावर विसंबून स्वीकारलेले सर्वच टाकतो. हा तोटा लहान नाही. कफर्णहूमविषयी गावात सांगावयाचे असेल तर ते असे सांगता येईल: "तेथे पेत्राच्या काळचे एक घर सापडले आहे. निदान सोळाशे वर्षांपूर्वीपासून ख्रिस्ती लोक ते पेत्राचे घर मानून तेथे प्रार्थनेस येत आले आहेत. काही विद्वानांच्या मते हे जमणे प्रेषितांच्या पिढीपर्यंत मागे जाते. काहींना ते मान्य नाही." एवढे ऐकून कोणाची श्रद्धा कमी होईल असे मला वाटत नाही. आपली श्रद्धा उठलेल्या प्रभूवर आहे, गिलाव्यावर नाही.

दुसरी गोष्ट अधिक सुखाची आहे. उत्खनकांत कितीही मतभेद असोत, एका गोष्टीवर जमीन व नवा करार यांचे एकमत आहे: ख्रिस्तसभा घरात वाढली. अक्विला व प्रिस्का यांच्या घरची मंडळी, नुंफेच्या घरची मंडळी, फिलेमोनाच्या घरची मंडळी, असे पौल नावानिशी लिहितो. त्या घरांना मनोरे नव्हते. तेथे जाते होते, चूल होती, रांगती मुले होती, आणि दिवा लावून जमण्याइतकी जागा कोणीतरी आपल्या संसारातून मोकळी करून दिली होती. सीमाभागातील वाड्यांवर, हैदराबादेतील भाड्याच्या खोल्यांत, इंदूर किंवा बडोद्यास नोकरीनिमित्त गेलेल्या कुटुंबांत, दहा-बारा माणसे मराठीत प्रार्थना करण्यासाठी कोणाच्या तरी घरी जमतात. आपल्याला स्वतःचे मंदिर नाही म्हणून आपण अपुरे आहोत, अशी खंत त्यांच्या बोलण्यातून अनेकदा डोकावते. त्यांना दुरा-युरोपोसचे घर अवश्य सांगावे. येथे अतिशयोक्तीची गरजच नाही. सत्य पुरेसे आहे.

त्या वृद्ध धर्मशिक्षकांना मी पुढच्या वर्षीच्या शिबिरात, सर्वांसमक्ष, माझी दुरुस्ती सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग फादर, त्या खोलीत लोक जमत होते एवढं तरी खरं ना?" मी म्हणालो, "ते खरं." "मग गावात तेवढं सांगतो," ते म्हणाले.

कफर्णहूमच्या त्या खोलीवर आता १९९० मध्ये बांधलेले नवे मंदिर उभे आहे. त्याच्या मध्यभागी काच बसविलेली असून उपासनेस बसलेल्यांना खालचे काळे दगड दिसतात. आमच्या घरचा हौद केव्हाच कोरडा पडला. घंटा मात्र माझ्या टेबलावर आहे. ती बैलाची होती की प्रार्थनेची, हे मला आजही सांगता येत नाही. पाहुण्यांनी विचारले तर मी आजीचे म्हणणे सांगतो, आणि त्यापाठोपाठ काकांचेही.